सात लिटरची सलामी

कॅनन्सबर्ग, १९६७

नवी कोरी शेवरले कॅमारो. अजून तिला गिऱ्हाईकही मिळालेलं नाही, आणि तिचं इंजिन काढून जमिनीवर ठेवलंय. तुम्ही येन्को शेवरले या डीलरच्या वर्कशॉपमध्ये उभे आहात. बाहेर कॅनन्सबर्ग आहे. पेनसिल्व्हेनियातलं, पिट्सबर्गच्या नैर्ऋत्येचं हे छोटं गाव कोळसा आणि पोलादावर पोट असलेल्या माणसांचं. दारावर शेवरलेचा बो-टाय झळकतोय. ही खूण मुंबईनेही पाहिली आहे, कारण १९२८ ते १९५४ या काळात शेवरलेची मालक कंपनी जनरल मोटर्स शिवडीच्या कारखान्यात गाड्या जोडत होती.

"बाजूला व्हा!" एक मिस्त्री तुम्हाला हटकतो. तुम्ही मागे सरता. चेन-पुलीला लटकलेलं दुसरं इंजिन कॅमारोच्या तोंडाशी आलंय. बिडाचं ते धूड सुमारे ३०० किलोचं आहे. नाव एल-७२. घनफळ ४२७ क्युबिक इंच, म्हणजे ७ लिटर. हे इंजिन १९६६ साली शेवरलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारसाठी आलं. कंपनीच्या कॅटलॉगमध्ये कॅमारोसाठी ते कुठेच नाही, कारण जनरल मोटर्सने स्वतःलाच एक नियम घालून घेतलाय: मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० क्युबिक इंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. जानेवारी १९६३ मध्ये याच कंपनीने शर्यतींतून अधिकृतपणे अंग काढून घेतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना वेगाचा गाजावाजा नको आहे. खाली, गिऱ्हाइकांच्या रांगेत, वेगाशिवाय दुसरं काही कुणाला नको आहे.

१९६४ च्या पाँटिअ‍ॅक जीटीओपासून हे वेड पसरलंय. हलकी गाडी, त्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन, आणि किंमत अशी की कारखान्यात कामाला लागलेल्या तरुणाला हप्त्यावर परवडावी. लोक तिला मसल कार म्हणतात.

इंजिनाच्या पलीकडे उभा असलेला चाळिशीचा माणूस म्हणजे डॉन येन्को. धंदा वडिलांचा, पण याचं नाव झालं ते शर्यतीत कॉर्व्हेट चालवून. वर्षभरापूर्वी त्याने शेवरलेच्या छोट्या कॉर्व्हेअरपासून 'स्टिंगर' ही शर्यतीची गाडी बनवली. शर्यतीत मान्यता हवी तर १०० गाड्या बनल्या पाहिजेत, असा नियम होता. त्याने त्या बनवल्या. आता तो कॅमारोकडे वळलाय.

तुम्ही वाकून पाहता. एवढं मोठं इंजिन बसणार कसं? उत्तर सोपं आहे. कंपनी कॅमारोत ३९६ क्युबिक इंचांचं इंजिन देतेच, आणि ३९६ व ४२७ ही दोन्ही एकाच कुळातली. दोघांचा स्ट्रोक एकच, ३.७६ इंच. वाढलाय तो सिलिंडरचा व्यास. बाहेरून माप तेच, त्यामुळे माउंटिंगही जुळतं आणि गियरबॉक्सही. इंजिन खाली येतं, मिस्त्री नजरेने अंदाज घेत पहारीने त्याला अर्धा इंच सरकवतो, आणि बोल्ट भोकात जातो.

हे दृश्य नीट पाहून ठेवा. पुढे ज्या गाडीसाठी लोक लाखो डॉलर मोजणार आहेत, तिची सुरुवात अशी झाली. कारखान्याने न दिलेलं इंजिन एका डीलरच्या मिस्त्र्यांनी हाताने बसवलं.

नॉरवुड, १९६९

दोन वर्षं पुढे या. ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराने चहूबाजूंनी वेढलेलं नॉरवुड. इथल्या कारखान्यात कॅमारो आणि पाँटिअ‍ॅक फायरबर्ड एकाच लाइनवर बनतात. आवाज इतका की शेजारचा माणूस बोलतोय हे ओठांवरूनच कळावं. रंगवलेली बॉडी डोक्यावरून येते. खाली इंजिन, गियरबॉक्स आणि पुढची चाकं धरून ठेवणारी लोखंडी सब-फ्रेम तयार असते. बॉडी खाली उतरते, बोल्ट आवळले जातात, आणि एका गाडीचं जन्मस्थान पुढच्या गाडीसाठी मोकळं होतं. या एका मॉडेल-वर्षात सुमारे २ लाख ४३ हजार कॅमारो बनतील.

त्यातली एक तुमच्यासमोर थांबलीय. नारिंगी रंग, शेवरले त्याला हगर ऑरेंज म्हणते. अंगावर कसलीच बढाई नाही. एसएस या दांडग्या आवृत्तीची पाटी नाही, पट्टे नाहीत, इंजिनाचा आकडा नाही. पण पुढे वाका. न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यातून आलेल्या इंजिनावर 'एमएन' ही अक्षरं ठोकलेली आहेत. हेच ते, चार गियरच्या गाडीसाठीचं ४२७. आता ते कारखान्यातच बसतंय.

नियम अजून कायम आहे. मग वाट कुठून निघाली? शेवरलेमध्ये 'कोपो' नावाची एक सोय आहे, म्हणजे मुख्य कचेरीकडून येणारी खास उत्पादन-मागणी. पोलिसांच्या गाड्या, टॅक्सी, कंपन्यांचे ट्रक अशा घाऊक गिऱ्हाइकांना वेगळा रंग किंवा वेगळी सीट हवी असली, तर तिची नोंद या मार्गाने होते. येन्कोने याच खिडकीतून सात लिटरचं इंजिन मागितलं. कागदावर तो आकडा आहे ९५६१. जोडीला ९७३७, म्हणजे १५ इंची चाकं, पुढे जाडजूड अँटी-रोल बार आणि ताशी १४० मैलांपर्यंतचा स्पीडोमीटर. इलिनॉयमधला फ्रेड गिब हा दुसरा डीलर याच वाटेने ९५६० हा आकडा वापरून अ‍ॅल्युमिनियमचं ४२७ मागवतो. त्या झेडएल-१ कॅमारो ६९ बनतात.

मुद्दाम आडवाटेने घडवलेली ही युक्ती होती, आणि ती शेवरलेच्या आतल्या माणसांच्या साथीशिवाय जमली नसती. तिथे वेगावर जीव असलेले इंजिनिअर होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत, दार उघडलं.

गाडी ट्रकवर चढून कॅनन्सबर्गला येते. तिथे तिच्या अंगावर पट्टे चढतात, बाजूला 'येन्को/एससी' अशी अक्षरं, हेडरेस्टवर 'एसवायसी', म्हणजे येन्को सुपर कार. या वर्षाच्या अशा कॅमारोंचा मान्य आकडा २०१ आहे. शेवरले अश्वशक्ती ४२५ सांगते, येन्को ४५०. दोन्ही आकडे त्या काळच्या पद्धतीचे, म्हणजे इंजिन बाकावर ठेवून, सायलेन्सरचा आणि पंख्याचा भार न लावता मोजलेले. आजच्या आकड्यांशी त्यांची थेट तुलना करू नका.

चारशे दोन मीटर

संध्याकाळ. गाडी सुनोकोच्या पंपावर उभी आहे. येन्कोचा एक माणूस टाकीत '२६०' हे सर्वांत तेज पेट्रोल भरतोय. देशात साध्या पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला ३५ सेंट. या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे, कमी ऑक्टेनचं पेट्रोल त्याला चालत नाही. वासात शिसं आहे. त्याचं विष किती खोल जातं, याची चर्चा अजून घराघरांत पोहोचलेली नाही.

"बसा," तो म्हणतो. तुम्ही डावीकडच्या दाराशी जाता, मग अमेरिकेत आहोत हे आठवून उजवीकडे वळता. किल्ली फिरते.

पहिल्यांदा आवाज कानात शिरत नाही, पोटात शिरतो. गाडी उभ्या जागी डोलतेय. हा असमान ठेका का, ते समजून घ्या, कारण त्यातच या गाडीचा जीव आहे. आठ सिलिंडर, चार डावीकडे, चार उजवीकडे. विषम आकडे डावे, सम आकडे उजवे. ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. तबल्यावर आठ मात्रांचा केरवा वाजतोय असं समजा, मात्र दोन जागी एकाच हाताने लागोपाठ दोन थापा पडतात: ८ आणि ४ उजव्या, ५ आणि ७ डाव्या. दोन सायलेन्सरमधून ही अनियमितता बाहेर येते आणि तो गडगडाट बनते. त्यावर शर्यतीच्या धाटणीचा कॅमशाफ्ट. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात, म्हणून संथ फिरताना इंजिन धाप लागल्यासारखं अडखळतं. फेरे वाढले की तेच अडखळणं ताकदीत बदलतं.

पिट्सबर्गच्या परिसरातली ड्रॅगची पट्टी. सरळ पाव मैल, ४०२ मीटर. समोर खांबावर दिवे आहेत, त्याला 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. पाच पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने खाली उतरत येतात. चालकाचा उजवा हात हर्स्टच्या गियर-दांड्यावर. चौथा पिवळा. पाचवा. क्लच सुटतो.

मागचे टायर धूर करतात. ४.१० चा मागचा अ‍ॅक्सल चाकांना इतका जोर देतो की १९६९ चे टायर तो पेलू शकत नाहीत. मग पकड येते आणि तुमचं डोकं सीटवर आपटतं. बॉनेटवरच्या उंचवट्याचं तोंड पुढे नाही, काचेच्या बाजूला आहे. तिथे हवेचा दाब जास्त असतो. पाय तळाला टेकला की आतली झडप उघडते आणि चार बॅरलचा होली कार्ब्युरेटर ती गार हवा घशात ओढतो. दुसरा गियर, तिसरा. तुम्ही काही विचार करत नाही. विचार करायला तेवढा वेळच मिळत नाही.

पट्टी संपते आणि खरी भीती आता सुरू होते, कारण थांबायचंय. मागे ड्रम ब्रेक आहेत. जड बिडाचं इंजिन पुढच्या चाकांवर, त्यामुळे गाडीचं नाक खाली जातं, शेपूट सैल होते. चालकाच्या मनगटाच्या शिरा तुम्हाला दिसतात. १९६९ ची ही गाडी पळायला शिकलेली आहे, थांबायला अर्धवटच.

१९७० ते १९८७

इथून काळ भरभर सरतो. १९७० मध्ये जनरल मोटर्स ४०० इंचांचा नियम स्वतःच उठवते, आणि मध्यम आकाराच्या शेवेलमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं इंजिन उघडपणे येतं. पण विमा कंपन्यांनी तरुणांच्या दांडग्या गाड्यांचे हप्ते भलतेच वाढवलेत. येन्को छोट्या नोव्हात ३५० इंचांचं इंजिन घालून 'ड्यूस' काढतो, कारण लहान आकड्यावर विमा परवडतो. १९७० च्याच शेवटी हवा स्वच्छ ठेवण्याचा कडक कायदा होतो. १९७१ पासून जनरल मोटर्स कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देश तेल रोखतात, पंपांवर रांगा लागतात, आणि १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा येते.

यातलं बरंच होणं गरजेचं होतं. शिसं मुलांच्या रक्तात जात होतं. त्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यानेही हे मान्य करायला हवं.

गाड्यांचं काय झालं? काही पट्टीवर फुटल्या. काहींचं मूळ इंजिन शर्यतीत गेलं आणि जागी हाताला लागेल ते बसलं. मालक व्हिएतनामच्या युद्धावर गेला, संसारात पडला, पेट्रोल महागलं. गाडी सेकंडहँड बाजारात मातीमोल गेली. १९८७ मध्ये डॉन येन्को वेस्ट व्हर्जिनियात विमान अपघातात गेला. त्याच वर्षी नॉरवुडचा कारखाना कायमचा बंद झाला. कॅमारो घडवणारी लाइन आणि तिला सात लिटरचं इंजिन देणारा माणूस, दोघांचा शेवट एकाच वर्षी लिहिला गेला.

आणि मग आठवणींना किंमत आली. आज खऱ्या येन्को कॅमारो लिलावात लाखो डॉलरना जातात. विकत घेणारा गाडी हवा-तापमान राखलेल्या खोलीत ठेवतो. त्याचंही बरोबरच आहे. असा ऐवज पावसात कोण काढेल? पण त्यामुळे जी गाडी रस्त्यासाठी जन्मली, तिचा आवाज रस्त्यावरून गेला.

आज

तुम्ही एका घरामागच्या गॅरेजमध्ये आहात. वेल्डिंगमधून निवृत्त झालेला बाप आणि त्याची मुलगी एका १९६९ च्या कॅमारोवर काम करताहेत. गाडी फिरत्या चौकटीवर आडवी लावलीय, म्हणजे पोट भिंतीकडे, पाठ तुमच्याकडे. तळाचा पत्रा गंजून चाळण झाला होता, तो कापून नवा जोडलाय. मागच्या मडगार्डलाही नवा पत्रा. १९६९ च्या कॅमारोचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नव्याने बनतो. अख्खी बॉडीसुद्धा मिळते.

"या, हे बघा," मुलगी तुम्हाला पुढच्या काचेशी बोलावते. डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात चॅसिस नंबरची छोटी पट्टी आहे. सुरुवातीचे आकडे १२३३७. मग मॉडेल-वर्षाचा ९, मग नॉरवुडचा 'एन'. "तिसरा आकडा ३ आहे. व्ही-८ ची गाडी असती तर तिथे ४ असता. आमची गाडी सहा सिलिंडरची जन्मली."

पट्टी तशीच राहणार आहे. ती बदलणं अमेरिकेत गुन्हा आहे, पण या दोघांना तो विचारही शिवलेला नाही. त्यांची गाडी येन्कोसारखी दिसेल, येन्कोपेक्षा चांगली धावेल, आणि काचेतून डोकावणाऱ्या कुणालाही तिसऱ्या आकड्यावरून आपला जन्म सांगेल. अशा गाडीला ट्रिब्यूट कार म्हणतात.

इंजिन स्टँडवर तयार आहे: ४२७, बिडाचा ब्लॉक, ठिणगीचा क्रम तोच. बाकीच्या बाबतीत मात्र बापलेकींनी १९६९ च्या चुका सुधारल्या आहेत. चारही चाकांना डिस्क ब्रेक. गियर पाच, म्हणजे हमरस्त्यावर इंजिनाला ओरडत बसावं लागणार नाही. रेडियल टायर, नव्या धर्तीचं स्टिअरिंग, मोठा रेडिएटर. व्हॉल्व्हच्या सीट शिसं नसलेल्या पेट्रोलला टिकतील अशा कडक धातूच्या.

गाडी चौकटीवरून उतरवल्यावर बाप चेन ओढतो. इंजिन खाली येतं. मुलगी गाडीखालून ओरडते, "अजून थोडं डावीकडे!" तो पहार लावतो. बोल्ट भोकात जातो.

तुम्ही हे आधी पाहिलंय. कारखान्याने न दिलेलं इंजिन, हाताने बसवलेलं, १९६७ मध्ये, कॅनन्सबर्गला. ज्यांना वाटतं की ट्रिब्यूट गाडी म्हणजे खऱ्या गाडीची नक्कल, त्यांनी त्या वर्कशॉपमध्ये उभं राहायला हवं होतं. मूळ येन्को कॅमारो हीच मुळात साध्या कॅमारोत घातलेलं दुसरं इंजिन होती. पट्टे तर १९६९ मध्येही कॅनन्सबर्गलाच चढत होते. या गॅरेजमध्ये त्या गाडीचं रूप उतरलंय आणि तिची रीतही.

काही आठवड्यांनी ती रस्त्यावर येते. तुम्ही पुन्हा उजवीकडच्या सीटवर. पोटात तोच गडगडाट, तीच लागोपाठची थाप. पाय तळाला टेकतो, मागचे टायर या वेळी पकड सोडत नाहीत, आणि वळण आल्यावर ब्रेक लागतात तेव्हा नाक सरळ राहतं. रस्त्याकडेची मुलं हात हलवतात. त्यांनी खरी येन्को कधी पाहिलेली नसते, पुढेही बहुधा पाहणार नाहीत. आवाज मात्र त्यांनी ऐकला.

निवाडा

या छंदात खोटेपणाही आहे, आणि तो लपवण्यासारखा नाही. इंजिनाच्या पुढच्या कडेवरचे शिक्के घासून नवे ठोकले जातात, बनावट कागद तयार होतात, आणि ट्रिब्यूट गाडी खरी म्हणून विकली जाते. खोटं सांगून गाडी विकणारा एका गिऱ्हाइकाला तर फसवतोच, शिवाय टोनावांडाच्या ओतकाम करणाऱ्यांपासून कॅनन्सबर्गच्या मिस्त्र्यांपर्यंत सगळ्यांच्या कामाची साक्ष पुसतो. खऱ्या २०१ गाड्यांची नोंद म्हणूनच जपली पाहिजे, आणि ती जपणाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत.

पण जो उघडपणे सांगतो की ही मूळची साधी गाडी, हे इंजिन आम्ही घातलं, हे ब्रेक आम्ही बदलले, त्याच्या कामाला दुय्यम समजू नका. खरी गाडी इतिहास सांभाळते. ट्रिब्यूट गाडी तो इतिहास चालवून दाखवते. दोन्हींची गरज आहे, आणि दुसरीसाठी घाम जास्त लागतो.

तुम्ही कुठेही असा, अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या मेळाव्यात किंवा आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात, अशी गाडी दिसली तर तिला वळसा घालून पुढे जाऊ नका. मालकाला बॉनेट उघडायला सांगा. गाडी मूळची काय होती, हे विचारा. तो सरळ उत्तर देत असेल तर गाडी सुरू करायला सांगा आणि शेजारी उभे राहून ऐका. विकत घेणार असाल तर चॅसिस नंबर वाचायला शिका, शिक्के तपासा, कागद मागा, आणि ट्रिब्यूटला ट्रिब्यूटचीच किंमत द्या. आणि तुमच्या दारात अशी गाडी असेल तर ती चालवा. डॉन येन्कोने एकही गाडी झाकून ठेवण्यासाठी बनवली नव्हती.